आईच्या मनगटावरचं घड्याळ

प्रिय भिंगरी,

सगळ्यात आधी एक कर. फोन उचल आणि दुसऱ्या खोलीत ठेवून ये. फोन नवा आहे, नंबर नवा आहे, त्यात काही नाही, हे सगळं मला माहीत आहे. तरी ठेवून ये. या पत्राचा फोटो काढू नकोस, यातलं एक वाक्यही कुणाला टाइप करून पाठवू नकोस. वाचून झालं की वकीलबाईंच्या हातात परत दे, त्या ते फाडून टाकतील. आत्ता त्या तुझ्यासमोर बसून खिडकीबाहेर बघत असतील, कारण तू वाचत असताना तुझ्या तोंडाकडे बघू नका असं मी त्यांना बजावलं आहे. आणि क्रमाने वाच. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून तू मोकळी व्हायचीस आणि मग मला सांगून माझाही विरस करायचीस. या वेळी तसं करू नकोस, मोठी बहीण म्हणून सांगते.

अक्षराला हसू नकोस. इतकी वर्षं अंगठ्याने लिहून लिहून पेन धरायची सवयच गेली आहे, चार ओळींत बोटं आखडली. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, माझ्या नेहमीच्या टेबलाशी, प्लास्टरची धूळ बाजूला सारून. समोर कवळ्यांचे साचे मांडून ठेवलेत. दवाखान्यातून साचा येतो त्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो. महिनोन्महिने मी एखाद्याच्या हिरडीचा खाचखळगा घासून जुळवते, आणि तो माणूस रस्त्यात माझ्या अंगावरून गेला तरी मला ओळखू येणार नाही. पूर्वी मला हे काम फार कोरडं वाटायचं. हल्ली या आकड्यांकडे बघून बरं वाटतं. तुझा पत्ता मला नको, असं मीच वकीलबाईंना सांगितलं ते त्यामुळेच. मला जे ठाऊकच नाही ते माझ्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही.

तुला सांगायचं आहे ते उस्तादापासून सुरू होतं. हे नाव घरात आता कुणी घेत नाही, पण त्याला दुसरं काय म्हणू? मामांनीच ठेवलेलं नाव. तुझ्या लग्नानंतर तो पहिल्यांदा जेवायला आला आणि मामांचा बंद पडलेला फोन त्याने बसल्या जागी चालू करून दिला, तेव्हापासून तो सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. मग दर भेटीत जेवणं झाली की त्याच्यासमोर आपल्या सगळ्यांच्या फोनचा ढीग पडायचा. कुणाचे फोटो मावत नाहीत, कुणाला जाहिराती येतात, कुणाचा आवाज ऐकू येत नाही. तो हसतमुखाने एकेक हातात घ्यायचा आणि पासवर्ड मीच लिहून ठेवतो, तुम्ही विसराल, असं म्हणायचा. आपणही किती कौतुकाने दिले. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला आई दाराची साखळी न काढता फटीतून उत्तरं द्यायची. त्याच बाईने आपला फोन कुलूप उघडून त्याच्या हातात ठेवला, कारण तो जावई होता.

तुझ्याकडे तो काय करत होता ते तू सांगायला लागलीस तेव्हा तुझं केस कापायचं दुकान बंद व्हायची वेळ आली होती. कुठलं गिऱ्हाईक किती वेळ खुर्चीत बसलं, दुपारी दहा मिनिटं तू कुठे गेलीस, कुणाच्या मेसेजला हसण्याचं चित्र का पाठवलंस. तुला घर सोडताना मी पाहिलं आहे. एक पिशवी, तीत कात्र्यांचा संच. फोनही तू त्याच्याच टेबलावर ठेवून आलीस. इतकी शहाणी तू.

आणि तरी शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत त्याने तुला गाठलं. दारात तुझा हात धरला, दार ओढलं, कात्री धरायची ती बोटं. पुढचं लिहीत नाही. तिथून वकीलबाईंनी तुला दुसरीकडे हलवलं. वकीलबाई सांगतात की तू अजून स्वतःलाच बोल लावतेस. आपणच कुठेतरी जुन्या खात्यात शिरलो असू, दुकानाचं पान उघडलं असेल, कुणाला तरी फोन लावला असेल, असं मनात घोळवत बसतेस. भिंगरी, नीट वाच. तू कुठेही चुकली नाहीस. तो तुझ्या मागे आलाच नाही, तो आईच्या मागे आला.

आईला तू बजावलं होतंस की माझ्याकडे येताना फोन आणायचा नाही. तिने ते अक्षरशः पाळलं. फोन टॉवेलमध्ये गुंडाळून भांड्यांच्या कपाटात सगळ्यात मोठ्या पातेल्यात ठेवायची, वर झाकण ठेवायची आणि मगच चपला घालायची. दोन बस बदलायची, वाटेत मागे वळून बघायची. सिनेमात काम करते आहे असं वाटतं, म्हणायची. पण मनगटावर ते घड्याळ होतं. तिचं हृदय मोठं झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उस्तादाने आणून दिलेलं. ठोके मोजतं, पडलात तर मला लगेच कळेल, असं म्हणून त्याने ते स्वतः तिच्या हातावर बांधलं होतं. फोन जवळ नसला तरी ती कुठे आहे हेही त्यात दिसतं, हे त्याने सांगितलं नाही आणि आपल्यापैकी कुणी विचारलं नाही.

ते उघडकीला कसं आलं ते ऐकून तुला हसू येईल. वकीलबाई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, घरात बॅटरीवर चालणारं जे जे आहे ते माझ्यासमोर आणून ठेवा. आईने टॉर्च आणला, रेडिओ आणला, भिंतीवरचं घड्याळ स्टुलावर चढून उतरवलं, टीव्हीचा रिमोट आणला, माझा वजनाचा काटासुद्धा आणला. टेबल भरलं. आणि वकीलबाई एकटक तिच्या मनगटाकडे बघत बसल्या. आई म्हणाली, हे कसं काढू, हे औषध आहे. तिच्या लेखी ते रक्तदाबाच्या गोळीसारखंच होतं. मग वकीलबाईंनी तिच्या फोनमध्ये शिरून तिला नकाशा दाखवला. त्यावर शिंप्याचं दुकान होतं, प्रत्येक रविवारी, आल्यागेल्याच्या वेळेसकट. ते सगळं रोजच्या रोज एकाच माणसाला जात होतं.

घड्याळ घरी चार्जिंगला लावून आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सासूच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा जावई हल्ली मिळतो कुठे, याची तक्रार मी कुठल्या शब्दांत लिहू? आई त्यांच्यासमोर खुर्चीत बसून होती. त्यानंतर कितीतरी दिवस डाळ निवडायला घ्यायची आणि ताट तसंच मांडीवर ठेवून बसायची. मला वाटलं, खचली. पण ती विचार करत होती.

एका सकाळी चहा पिताना म्हणाली, घड्याळ काढायचं नाही. काढलं तर त्याला कळेल की आपल्याला कळलं, आणि मग तो दुसरी वाट शोधेल. त्यापेक्षा आपण त्याला वाट दाखवू. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे ते. त्या रविवारी तिने डबा भरला, ठेवणीतली साडी नेसली आणि बसने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पाण्याच्या टाकीजवळ इमारती आहेत ना, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, तिकडे. त्यातल्या एका इमारतीत शिरली, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि जिन्यात बसून स्वतःच डबा खाल्ला. मी चिडले. मी म्हटलं, निदान डबा तरी रिकामा न्यायचास, घड्याळाला काय कळतंय. तर म्हणाली, मलाच खरं वाटायला हवं ना, नाहीतर पाय उचलत नाहीत.

पुढच्या खेपेला जिन्यात तिला एका निवृत्त मास्तरीणबाईंनी पकडलं. ही कोण आजी येऊन पायरीवर जेवते म्हणून त्या खडसावायला बाहेर आल्या होत्या. आईने त्यांना सगळं सांगून टाकलं. ते ऐकून वकीलबाई कपाळाला हात लावून बसल्या. पण मास्तरीणबाई म्हणाल्या, या आत बसा, आणि तो आला तर येऊ दे, जन्मभर वर्गातले असलेच सांभाळले मी. तेव्हापासून आई त्यांच्याकडे जायला लागली. त्यांचं दार भक्कम आहे, खाली पहारेकरी आहे, आणि त्यांच्याकडे तुझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. वकीलबाईंनी पुष्कळ डोकं आपटलं, शेवटी त्याही तयार झाल्या.

कारण ते चाललं, भिंगरी. मला मास्तरीणबाईंनी खिडकीतून दाखवला. टाकीच्या कठड्याला टेकून उभा, हातात फोन, मान वर. पहारेकऱ्याला तुझा फोटो दाखवून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच. जितके दिवस तो तिथे उभा होता तितके दिवस तो तुझ्या आसपास नव्हता. आई खिडकीपासून लांब बसून पाय चोळत विचारायची, आहे का आज? आणि आम्ही आहे म्हटलं की खूश व्हायची. तिला जिने चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी किती भांडले असेन. ती म्हणायची, त्याला माझे ठोके दिसतात ना, मग दिसू देत, लेकीकडे जाताना वाढतातच.

तुला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं तिने आमच्याकडून वदवून घेतलं होतं. कळलं तर ती उठून येईल, म्हणायची. तू येशीलच याची तिला खात्री होती, आणि भीतीही त्याचीच होती. केस मात्र तिने कुणाला कापू दिले नाहीत. मी एकदा कात्री घेऊन मागे उभी राहिले तर म्हणाली, तू दात कर, केस करणारी येईल तेव्हा येईल. पाठीवर आले होते. शेवटी मी तेल लावून विंचरले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण लहान असताना ती अशीच लांब वेणी घालायची.

शेवटी असं मी लिहिलं, आणि तू थांबली असशील. हो, भिंगरी. आई गेली.

दुपारी गेली, झोपेत. रोज जेवल्यावर ती घड्याळ उतरवून फडताळावर चार्जिंगला लावायची आणि तासभर पडायची, तेव्हाच. मी वर्कशॉपमधून आले तेव्हा ती कुशीवर होती, पाय पोटाशी घेतलेले, नेहमीसारखे. तिला त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ते खरं मानायचं ठरवलं आहे. तूही मान. मी हाका मारल्या, हलवलं, गालाला गाल लावला. आणि मग मी जे केलं ते मला आयुष्यभर पुरेल. डॉक्टरांना बोलवायच्या आधी मी फडताळावरचं ते घड्याळ उचललं आणि माझ्या मनगटाला बांधलं. त्याला कुलूपही नव्हतं. आईला आकडे लक्षात राहणार नाहीत म्हणून उस्तादाने स्वतःच ते ठेवलं नव्हतं. काचेवर हिरवा दिवा लुकलुकला, आणि माझे ठोके आईच्या नावावर धावायला लागले. फार जोरात धावत होते. त्याला वाटलं असेल म्हातारी जिना चढते आहे.

तेव्हापासून ते माझ्या हातावर आहे. दुपारी तेवढा तास काढते, ती काढायची तसा. वर्कशॉपला मात्र ते घालून येता येत नाही, आई इथे कधीच यायची नाही. म्हणून सकाळी मी ते तळमजल्यावरच्या काकूंच्या हातावर बांधून येते आणि त्या आमच्या घरात येऊन आईच्या खुर्चीत बसतात. सकाळी आईच्या फोनवरून घरच्या ग्रुपवर फुलांचं चित्र टाकते, तिच्यासारखंच, खाली सुप्रभात लिहून. मामा त्यावर रोज हात जोडतात. मामांना सांगितलेलं नाही. तिच्या सख्ख्या भावाला, जो तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारणारा आता एकटाच उरला होता. पण मामांचा फोन त्यानेच लावून दिलेला आहे, आणि मामांच्या पोटात गोष्ट घटकाभरही राहत नाही. आम्ही मोजक्या माणसांनी तिला पोहोचवलं. त्या सकाळी घड्याळ मास्तरीणबाईंच्या मनगटावर होतं. त्या आपल्या खुर्चीत बसून होत्या, समोर आईचा डबा ठेवून. नकाशावर आई लेकीकडे जेवायला गेलेली होती. खाली कठड्याशी तो उभा होता, त्या म्हणाल्या.

हे फार दिवस निभणार नाही. गोळ्या आणायला आई आली नाही म्हणून औषधवाल्याने काकूंना विचारलंच. मामा पुढच्या पंधरवड्यात यायचं म्हणताहेत. आणि ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवशी तो मागचे सगळे रविवार मोजेल, मास्तरीणबाईंच्या दाराशी तू नव्हतीस हेही त्याला कळेल, आणि मग तो नव्याने शोधायला निघेल. तू इथे येशील हे त्याला ठाऊक असेल. आई गेली म्हटल्यावर तू येणारच, हे आपल्या घरात फोन दुरुस्त करत बसलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको. म्हणून येऊ नकोस. पुन्हा लिहिते, येऊ नकोस. इथे बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. तिचं नाव कुठे शोधू नकोस. तिचा जुना फोटो उघडून बघायला जुन्या खात्यात शिरू नकोस. रडायचं ते वकीलबाईंच्या खांद्यावर रड, त्यांनी तुझ्यासाठी पूर्ण दिवस मोकळा ठेवला आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. वकीलबाईंनी तुझ्यासाठी लांबच्या गावी जागा बघून ठेवली आहे, काम आहे, राहायला खोली आहे, बोटांवर इलाज करणारं कुणी आहे, आणि तू किती महिने नाही म्हणते आहेस. आई आहे तोवर मी इतक्या लांब जाणार नाही, असं तू त्यांना सांगितलंस. त्यांनी मला ते आत्ता सांगितलं, आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. ती इथे तुझ्यासाठी जिने चढत होती आणि तू तिथे तिच्यासाठी अडून बसली होतीस. दोघी सारख्याच हट्टी. आता अडून बसायला काही उरलं नाही, भिंगरी. पिशवी भर आणि आजच वकीलबाईंबरोबर नीघ. तू तिथे पोहोचलीस, दार आतून लावलंस, की त्या वर्कशॉपमध्ये येऊन मला नुसतं झालं म्हणतील. त्या दिवशी मी घरी जाईन, मामांना फोन करीन, ग्रुपवर लिहीन, मोठ्याने रडेन, आणि मग हे घड्याळ हातातून काढून ठेवीन. तोवर आईला जाता येत नाही. फार दमली आहे ती, तिला जास्त ताटकळत ठेवू नकोस.

तुझीच,
ताई